लिस्बनचं बेनफिका म्युझियम: बेला गुटमनसाठी तरी नक्की जा

लिस्बनला जाणार असाल आणि फुटबॉलची थोडी जरी आवड असेल तर बेनफिका क्लबचं म्युझियम अजिबात चुकवू नका. मेट्रोच्या ब्लू लाइनने कोलेजिओ मिलितार स्टेशनला उतरायचं, कोलंबो मॉल लागतो आणि रस्त्यापलीकडेच स्टेडियम. म्युझियमचं नाव कोस्मे दामियाओ, २०१३ मध्ये सुरू झालं, तीन मजले आहेत. स्टेडियम टूरसोबत एकत्र तिकीट मिळतं, तेच घ्या.

बहुतेक लोक क्लबचा महान खेळाडू युसेबिओसाठी येतात आणि ते बरोबरच आहे, पण मी गेलो ते क्लबचा जुना कोच बेला गुटमनसाठी. स्टेडियमच्या आवारात त्याचा ब्राँझचा पुतळा आहे, २०१४ मध्ये बसवलेला, दोन्ही हातांत एकेक युरोपियन कप (म्हणजे आजची चॅम्पियन्स लीग) धरलेला. खरे दोन कप आत आहेत, १९६१ चा आणि १९६२ चा. पहिला बर्नमध्ये बार्सिलोनाला ३-२ हरवून, दुसरा ॲमस्टरडॅममध्ये रियाल माद्रिदला ५-३. त्या दुसऱ्या मॅचमध्ये हंगेरीच्या पुश्काशने रियालकडून हॅटट्रिक मारली होती आणि हाफटाइमला बेनफिका मागे होती, तरी जिंकले, युसेबिओचे दोन गोल. गंमत बघा, हाच पुश्काश काही वर्षं आधी बुडापेस्टला किश्पेश्त क्लबमध्ये गुटमनच्या हाताखाली खेळायचा, आणि एका मॅचमध्ये त्याने भर मैदानात कोचचं ऐकलं नाही म्हणून गुटमन तो क्लबच सोडून गेला होता.

जायच्या आधी या माणसाबद्दल थोडं वाचून जा, मग तिथे बघण्याला खरा अर्थ येतो. बुडापेस्टच्या ज्यू घरातला मुलगा, आईवडील डान्स शिकवायचे. तिथल्याच एमटीके क्लबकडून खेळून हंगेरीची लीग जिंकला, मग तिथला ज्यूद्वेष वाढला तेव्हा व्हिएन्नाला हाकोआ या ज्यू क्लबमध्ये गेला आणि १९२५ मध्ये ऑस्ट्रियाची लीगही जिंकला. पुढे टीमसोबत अमेरिकेचा दौरा झाला आणि हा न्यूयॉर्कलाच खेळायला राहिला, पैसा केला आणि १९२९ च्या शेअर बाजाराच्या पडझडीत घालवला. कोच झाल्यावर १९३९ मध्ये बुडापेस्टच्या उयपेश्त क्लबला मित्रोपा कप (मध्य युरोपातल्या क्लबांची स्पर्धा) जिंकून दिला आणि मग दुसरं महायुद्ध. वडील आणि बहीण नाझींच्या आउशवित्झ छळछावणीत मारले गेले. हा स्वतः आधी लपून राहिला, नंतर लेबर कॅम्पमध्ये सापडला, आणि १९४४ च्या डिसेंबरमध्ये एर्नो एर्बश्टाइनसोबत तिथून पळाला. एर्बश्टाइन म्हणजे ज्याने पुढे इटलीतल्या तोरिनो क्लबची ती महान टीम घडवली आणि १९४९ च्या सुपेर्गाच्या विमान अपघातात गेला तो.

एवढं सोसलेला माणूस चाळिशी उलटल्यावर परत सुरुवात करतो, रोमानिया, इटली, ब्राझील असा फिरतो, ब्राझीलच्या साओ पाउलो क्लबला १९५७ ची राज्याची चॅम्पियनशिप जिंकून देतो, पोर्तुगालच्या पोर्तो क्लबला १९५९ ची लीग, आणि मग थेट बेनफिका. मला तर यापेक्षा मोठं कमबॅक फुटबॉलमध्ये माहीत नाही.

पण गुटमनचं नाव काढलं की लोक शापाचंच बोलतात. १९६२ नंतर पैशांवरून बिनसलं, तो गेला, आणि म्हणे जाताना म्हणाला की शंभर वर्षं बेनफिका युरोपात जिंकणार नाही. त्यानंतर क्लबची सीनियर टीम युरोपातल्या आठ फायनल हरली हे खरंय, १९९० ला फायनल व्हिएन्नाला होती तेव्हा युसेबिओ तिथल्या गुटमनच्या कबरीपाशी प्रार्थना करून आला असंही सांगतात, तरी हरलेच. किस्सा भारी आहे पण शापाचा त्या वेळचा पुरावा काही सापडत नाही, आणि त्या एका वाक्यापुढे त्याचं आख्खं आयुष्य झाकलं जातं याचं मला खरंच वाईट वाटतं. क्लबने पुतळ्याच्या हातात ते दोन कप दिलेत, मला तरी हेच योग्य वाटलं.

माझ्याकडून ५ पैकी ५. दोन-तीन तास हाताशी ठेवा, मुलांना घेऊन गेलात तरी चालेल. फक्त मॅचच्या दिवशी टूरच्या वेळा बदलू शकतात, तेव्हा आधी वेबसाइट बघून मगच निघा.