ड्रॅगन क्वेस्ट ११ एस : ‘स्ट्राँगर मॉन्स्टर्स’ लावूनच खेळा

जपानी आरपीजीच्या (एखादं पात्र होऊन, त्याची ताकद वाढवत खेळायच्या गेमच्या) बाबतीत आमच्या घरात दोन पक्ष आहेत. भाचा अकरावीत आहे. त्याचं म्हणणं, आधी रानात गोल गोल फिरून लेव्हल वाढवायची आणि मग बॉसला, म्हणजे टप्प्याच्या शेवटच्या मोठ्या शत्रूला, बुकलून काढायचं. मी इंदूरला लोकमान्य नगरात अकाउंट्सच्या शिकवण्या घेते. शेवटची बॅच सुटल्यावर त्याच त्या निळ्या स्लाइमना, म्हणजे या मालिकेतल्या सगळ्यांत किरकोळ राक्षसांना, झोडपत बसायची मला हौस नाही. त्यामुळे प्लेस्टेशन ४ वरचा (पीएस४) ड्रॅगन क्वेस्ट ११ एस कुणाच्या बाजूचा, हा वाद महिनोन् महिने चालला.

माझ्या बाजूचा आहे, पण एका अटीवर. नवा गेम सुरू करताना ‘ड्रॅकोनियन क्वेस्ट’ नावाची यादी येते. दुकानात खरेदी बंद, चिलखत बंद, असले हट्टी नियम त्यात आहेत. त्यातलं फक्त ‘स्ट्राँगर मॉन्स्टर्स’, म्हणजे राक्षस तगडे करणारा नियम, निवडा. नंतर नको झालं तर ते काढता येतं, पण मधूनच लावता येत नाही. साध्या पातळीवर वाटेत भेटेल त्याला मारत गेलात तरी लेव्हल आपसूक इतकी चढते की ‘अटॅक’ सोडून दुसरं बटण बघायची गरजच पडत नाही. मग एवढे मंत्र दिले कशाला?

राक्षस तगडे केले की त्या मंत्रांना किंमत येते. गॅलोपोलिसच्या वाळवंटातला बॉस, स्लेयर ऑफ द सँड्स, याने भाच्याची दांडगाई पहिल्यांदा मोडली. ‘आत्या, अजून दोन लेव्हल वाढवू या ना,’ हे पालुपद सुरू झालं. मी त्याला आपल्या टोळीतल्या एरिकचे सुरे दाखवले. स्लीपर हिटने शत्रू झोपला की व्हिक्टिमायझर हा झोपलेल्याला जबर लागणारा वार मारायचा. त्याआधी डिव्हाइड वापरून एरिकच्या प्रतिमा उभ्या केल्या असतील तर आकडा बघून माणूस खुर्चीतून उठतो. शिवाय पाळी आली की बाहेर बसलेल्या गड्याला चालू लढाईतच आत घेता येतं, आणि बाहेर बसलेल्यांनाही अनुभव मिळतो. एकेकाला वेगळं वाढवत बसायची जुनी कटकट इथे नाही.

1986 साली निंटेंडोच्या फॅमिकॉम या गेमयंत्रावर पहिला ड्रॅगन क्वेस्ट आला, तेव्हापासून मालिकेचे कर्ते युजी होरी यांनी ही हुकूम द्या आणि वाट बघा पद्धत सोडलेली नाही. लढाईत पात्रं इकडेतिकडे पळवता येतात खरी, पण त्याने काडीचा फरक पडत नाही. तो नुसता देखावा आहे. सरळ क्लासिक कॅमेरा लावा आणि लढाईचा वेग वाढवा.

मेटल स्लाइमपुढे मात्र मीही विरघळते. अंगात जीव अगदी थोडा, कातडी लोखंडाची, मंत्र लागत नाहीत, आणि दोन पाळ्यांत पळून जातो. सापडला तर अनुभवाचं घबाड. टोळीतल्या जेडचा थंडर थ्रस्ट हा भाल्याचा वार लागला तर क्रिटिकल, म्हणजे जबरदस्त घाव, नाहीतर हवेत. तो लागेपर्यंत घरात कुणी बोललेलं मला चालत नाही.

तक्रार संगीताची. ‘एस’ या सुधारित आवृत्तीत वाद्यवृंदाचं रेकॉर्डिंग आहे, पण मैदानातली तीच धून तासन् तास ऐकून सासूबाईंनीसुद्धा दार लावून घेतलं.

इंदूरच्या जेल रोडवर वापरलेली डिस्क शोधण्याआधी फुकटचा डेमो उतरवा. तो चांगला लांबलचक आहे आणि त्यातली सेव्ह पुऱ्या गेममध्ये नेता येते.

आणि श्रेयनामावली संपली म्हणजे गेम संपला असं समजू नका. पुढे आणखी एक अख्खा भाग आहे आणि तिथले बॉस नुसत्या डोक्याने पडत नाहीत, लेव्हल वाढवावीच लागते. तिथे आल्यावर मी कंट्रोलर भाच्याच्या हातात दिला आणि दुसऱ्या दिवशीच्या ताळेबंदाच्या वह्या तपासायला घेतल्या.