रनिंग वॉच काही महिने वापरल्यावर: चार्जिंगच्या पिना, १७२चा घोळ आणि रेस्टिंग हार्ट रेट

फीचर्स सगळ्यांना पाठ आहेत, ते परत लिहीत नाही. लिहायला बसलो कारण चार्जिंगच्या पिना काळ्या पडल्या आणि घड्याळ चार्ज होईना. सर्व्हिस सेंटरवाल्याने नुसतं उलटं करून बघितलं आणि घामाने गंजलंय, वॉरंटीत बसत नाही म्हणून हात वर केले. अहो पण धावताना घालायचं घड्याळ आहे ना हे, घाम येणारच! वर ५ एटीएम छापलंय, म्हणजे ५० मीटर खोल पाण्याइतका दाब सोसतं, पण ते पाणी आत न शिरण्यापुरतं, बाहेरच्या उघड्या पिनांचं काय? घामातलं मीठ पिनांवर राहतं आणि तसंच चार्जरला लावलं की करंटने धातू खाल्ला जातो, एवढी एक ओळ मॅन्युअलमध्ये ठळक छापायला काय जातं? आयसोप्रोपिल अल्कोहोल कापसावर घेऊन पिना घासल्या, चालू झालं. आता धुवून, पुसून, पूर्ण कोरडं झाल्याशिवाय चार्जरला लावत नाही.

दुसरी कटकट मनगटावरच्या हार्ट रेटची. निवांत धावतोय, गप्पा मारता येतायत, आणि स्क्रीनवर १७२. कॅडन्स, म्हणजे मिनिटाला पडणारी पावलं, बघितली तर तीही १७२! घड्याळाच्या मागचा हिरवा प्रकाश कातडीखालच्या रक्ताची कमीजास्त होणारी मात्रा मोजतो, हात हलला की पावलांचा ठेका त्यात मिसळतो आणि घड्याळ ठोके सोडून पावलं मोजत बसतं. पट्टा मनगटाच्या हाडाच्या वर बोटभर सरकवून घट्ट केला की बरंच सुधारतं, पण इंटरव्हलला, म्हणजे आलटून पालटून जोरात आणि हळू पळताना, छातीचा बेल्टच लागतो, तो हृदयाचा विजेचा सिग्नल पकडतो त्यामुळे ही भानगडच नाही.

झोन्सही, म्हणजे ठोक्यांवरून धावण्याचा जोर दाखवणारे रंगीत टप्पे, आधी सुधारून घ्या. माझ्या घड्याळात मॅक्स हार्ट रेट २२० वजा वय असा आपोआप धरला होता, वय ४६ म्हणजे १७४. बेल्ट लावून चढावर जीव तोडून पळालो तर १८६ दिसले. हे सूत्र सरासरीचं आहे, एकेका माणसाला दहाबारा ठोक्यांचा फरक सहज पडतो, त्यामुळे माझा साधा इझी रन रोज उगाच लाल दिसायचा.

एवढं लिहून स्टार कमीच देणार होतो, पण रेस्टिंग हार्ट रेटचा, म्हणजे विश्रांतीतल्या ठोक्यांचा, ग्राफ उघडला आणि मत बदललं. झोपेत हात स्थिर असतो तिथे हाच सेन्सर खरंच भरवशाचा आहे. एरवी ५४च्या आसपास असणारा आकडा एका रात्रीत ६३ झाला, एचआरव्ही (दोन ठोक्यांमधल्या वेळेतला कमीजास्तपणा) खाली गेला, मला काहीच जाणवत नव्हतं, आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सणकून ताप! तेव्हापासून आकडा असा चढला की त्या दिवशी पळत नाही, नुसतं चालतो. एका दिवसाच्या किरकोळ चढउताराला मात्र अर्थ नाही, जागरण झालं किंवा उशिरा भरपेट जेवलं तरी वाढतो, आठवडाभराची रेषच बघायची. फक्त यासाठी चार स्टार.

रात्रीचं रक्तातलं ऑक्सिजन मोजणं बंद केलंय, बॅटरी फार खातं.