एकदाच घालायचा फ्रॉक आणि वांद्र्यातील कपड्यांची खोली

प्रथम कम्युनियनचा, म्हणजे कॅथलिक मुले ख्रिस्तप्रसाद पहिल्यांदा घेतात त्या दिवशीचा, पांढरा फ्रॉक मुलगी एकदाच घालते, फार तर पुढे एखाद्या लग्नात दुसऱ्यांदा, आणि मग तो कपाटाच्या माथ्यावर प्लॅस्टिकच्या पिशवीत पिवळा पडत राहतो. बोहारणीला द्यायला मन धजत नाही आणि धाकटीला येईपर्यंत फॅशन बदललेली असते. वांद्रे पश्चिमेला, हिल रोडपासून आत वळणाऱ्या एका गल्लीत, चर्चच्या सभागृहाला लागून असलेल्या खोलीत धर्मग्रामातील (त्या चर्चच्या हद्दीतील ख्रिस्ती समाजातील) काही स्त्रिया असे फ्रॉक, मुलांचे सूट आणि लग्नाचे गाऊन दान म्हणून स्वीकारतात आणि भाड्याने देतात. खोलीला नाव नाही की पाटी नाही. 'कपड्यांची खोली' एवढे विचारले की वॉचमन दाखवतो. भाचीच्या कम्युनियनसाठी आम्ही फ्रॉक तेथूनच घेतला.

फ्रॉक वयाप्रमाणे न लावता छातीच्या मापाप्रमाणे लावलेले आहेत, हे पाहून बरे वाटले, कारण एकाच वर्गातील दोन मुलींच्या अंगलटीत केवढा फरक असतो हे कोणतीही आई सांगेल. आम्ही निवडलेला फ्रॉक कमरेत सैल होत होता. शिवणकाम पाहणाऱ्या बाईंनी तो उलटा करून शिवणी दाखवल्या. दोन्ही बाजूंना दोन-दोन बोटे माया (शिवणीच्या आतले जादा कापड) राखलेली होती आणि अस्तरावर जुन्या टाक्यांच्या बारीक छिद्रांच्या तीन रांगा होत्या, म्हणजे आधीच्या तिघींसाठी ही कंबर वेगवेगळी घेतली गेली होती. कापड कोठेही कापायचे नाही, हा येथला नियम आहे. कंबर हाताने कच्चे टाके घालून घेतात आणि फ्रॉक परत आला की ते उसवतात. उंची वाढवायची असेल तर खालची दुमड सोडतात आणि तिची जुनी रेघ दिसू नये म्हणून तिच्यावर अरुंद लेस बसवतात. भाचीला ती लेसच सर्वांत अधिक आवडली.

या खोलीचे खरे वैशिष्ट्य मात्र भाडे घेण्याच्या पद्धतीत आहे. तक्त्यावर फ्रॉकचे भाडे ५०० ते ८०० रुपये असे लिहिले आहे, पण पैसे कोणी हातात घेत नाही. प्रत्येकाला एक पाकीट मिळते आणि ते बंद करून पेटीत टाकायचे असते. ज्याला झेपते तो पूर्ण भाडे टाकतो, ज्याची ऐपत आहे तो वर काही घालतो आणि ज्याच्याजवळ नाही त्याचे रिकामे पाकीटही त्याच पेटीत पडते. पेटी महिनाअखेरीस उघडली जाते, त्यामुळे कोणी काय दिले हे ताडण्याचा मार्गच राहत नाही. गरजूंसाठी वेगळा रॅक नाही आणि फादरांची चिठ्ठीही आणावी लागत नाही. बायबलमधील याकोबाच्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात, सोन्याची अंगठी घालून आलेल्याला मानाची जागा आणि मळक्या कपड्यांतील गरिबाला 'तिथे उभा राहा' म्हणणाऱ्यांना खडसावले आहे. कम्युनियनच्या दिवशी मुली जोडीजोडीने वेदीकडे निघाल्या की बाकांवरचे नातेवाईक फ्रॉकच्या घेरावरून हाच हिशेब मांडत असतात. काही धर्मग्रामांनी त्यावर सर्वांना सारखा साधा पोशाख ठरवून दिला आहे. तो उपाय न्याय्य आहे. पण आठ-नऊ वर्षांच्या मुलीला झालरीची हौस असते, आणि ती हौस काही पाप नव्हे. श्रीमंताच्या मुलीसाठी शिवलेला फ्रॉक पुढच्या वर्षी दुसरीच कोणी ऐटीत घालते आणि त्याचा बोभाटा होत नाही, ही तोड मला अधिक माणुसकीची वाटते.

दुसरी गोष्ट मजुरीची. चर्चचे काम म्हटले की शिवण, इस्त्री, फुलांची सजावट हे सारे बायकांकडून फुकट करून घेण्याची सवय आपल्याकडे जुनी आहे. येथे शिवणकाम करणाऱ्या बाई स्वयंसेविका नाहीत. त्यांना कामाप्रमाणे मजुरी मिळते आणि कमरेला किती, दुमडीला किती, हा दर भिंतीवर लावलेला आहे. २४ एप्रिल २०१३ रोजी ढाक्याजवळच्या सावर येथे राणा प्लाझाची इमारत कोसळून १,१०० हून अधिक माणसे मेली, त्यांत बहुतेक कपडे शिवणारे कामगार होते. त्यांची महिन्याची मजुरी ३८ युरो होती, हे ऐकून पोप फ्रान्सिस यांनी १ मेच्या मिस्सेत (चर्चमधील उपासनेत) ही गुलामगिरीच असल्याचे स्पष्ट सांगितले होते. स्वस्त नवा फ्रॉक विकत घेताना त्याच्या शिवणीमागचा हात आपल्याला कधीच दिसत नाही. येथे तो समोर बसलेला असतो आणि त्याचा दरही माहीत असतो.

पर्यावरणाच्या बाबतीत खोलीतील फलक थोडे भरकटले आहेत. खरेदी ही नेहमीच एक नैतिक कृती असते, हे पोप बेनेडिक्ट सोळावे यांचे २००९ च्या परिपत्रकातील (पोपने साऱ्या चर्चला उद्देशून लिहिलेल्या पत्रातील) विधान पोप फ्रान्सिस यांनी २०१५ च्या 'लाउदातो सी' या परिपत्रकात पुन्हा मांडले. त्याच परिपत्रकात रोजच्या लहानसहान सत्कृत्यांची यादी देताना वस्तू लगेच फेकून न देता पुन्हा वापरण्याचाही उल्लेख आहे. हे दोन्ही येथे लावले आहे (प्लॅस्टिकचे लॅमिनेशन करून, हे सांगितलेच पाहिजे). पण शेजारच्या तक्त्यावर एका सुती शर्टामागे सुमारे २,७०० लिटर पाणी लागते, असा आकडा ठळक अक्षरांत दिला आहे, आणि रॅकवरचे बहुतेक फ्रॉक पॉलिस्टर सॅटिनचे व नायलॉनच्या नेटचे आहेत. त्यांचा प्रश्न पाण्याचा नसून खनिज तेलापासून बनलेल्या, न कुजणाऱ्या कापडाचा आहे, आणि म्हणूनच ते पुनःपुन्हा वापरणे अधिक अगत्याचे आहे. तक्त्यावर तेच लिहिले असते तर बरे झाले असते. धुलाई मात्र रिठ्याच्या पाण्यात हाताने होते, त्यामुळे नेटचे धागे निघालेले नाहीत.

उणिवा आहेत. मुलांसाठी चार-दोन सूट आणि काही पांढरे शर्ट यापलीकडे काही नाही. लग्नाच्या गाऊनना डांबरगोळ्यांचा असा वास येतो की आठवडाभर वाऱ्यावर टांगल्याशिवाय ते घालता येणार नाहीत. दाराशी नवे प्लॅस्टिकचे मुकुट आणि हातमोजे विकायला ठेवले आहेत, तेथे या उपक्रमाचा सगळा विवेक गळून पडतो. मुकुटही परत घेऊन पुन्हा देता आले असते. सर्वांत खटकले ते असे की, अनामत नाही आणि परतीच्या तारखांची नोंदही नीट ठेवली जात नाही. परत न आलेल्या फ्रॉकबद्दल विचारले तेव्हा 'कुणाला तरी गरज असेल' असे उत्तर मिळाले. त्यामागची भावना चांगली आहे, पण वेळेवर न आलेल्या एका फ्रॉकमुळे दुसऱ्या मुलीची ऐन वेळी धांदल होते, तेव्हा एक साधी वही आणि आधी एक फोन एवढे तरी हवेच.

खोली रविवारी सकाळच्या मिस्सेनंतर उघडते आणि दुपारी जेवणाच्या सुमारास बंद होते. कम्युनियनच्या दोन महिने आधी जावे, म्हणजे मापे मिळतात. मुलीला सोबत न्यावे आणि त्या दिवशी घालायचे बूटही न्यावेत, कारण दुमड किती सोडायची हे टाचेवर ठरते.