फलप्रामाण्यवाद : आठ महिन्यांच्या वापरानंतर

फलप्रामाण्यवाद (pragmatism) म्हणजे विचाराचा अर्थ आणि खरेपणा त्याच्या प्रत्यक्ष परिणामांवरून जोखणारं तत्त्वज्ञान. पर्स, जेम्स आणि ड्यूई हे त्याचे तीन प्रमुख अमेरिकी विचारवंत. आठ महिने रोज तासभर त्यांचं वाचन केलं. दुसऱ्या महिन्यात कुणी विचारलं असतं तर पाचपैकी पाच तारे दिले असते.

मग वडिलांचा रिपोर्ट वाईट आला. तो मी तीन आठवडे दाबून ठेवला आणि सगळं ठीक असल्याचं सांगितलं. वडील नीट जेवत होते, झोपत होते. जेम्सच्या १९०७ च्या पुस्तकात, विचारांच्या वाटेवर जे सोयीचं तेच खरं, अशा अर्थाचं वाक्य आहे. त्याखाली मी पेन्सिलीने रेघ मारली होती. माझ्या खोट्याने काम भागत होतं, म्हणून मी निर्धास्त होतो.

वडिलांना कळलं तेव्हा ते रागावले नाहीत. पण आता रिपोर्ट चांगला आहे म्हटलं तरी म्हणतात, "कागद दाखव."

जेम्स कायमचा मिटून ठेवणार होतो. त्याआधी ते पान पुन्हा काढलं. रेघ संपते तिथून पुढच्याच वाक्यात तो म्हणतो, सोयीचं म्हणजे लांबच्या पल्ल्यात आणि सगळं जमेस धरून. मी एक वाक्य आधी थांबलो होतो.

चूक माझी, तरी तक्रार मागे घेत नाही. ज्या अटीवर सगळी नीती उभी आहे ती अशी मागाहून जोडायची? इतर लोक तो शब्द सैल वापरतात म्हणून पर्सने १९०५ मध्ये आपल्या मताचं नावच बदलून घेतलं, ते मला आता पटतं. त्याच्या लेखी, तपास करणारे सगळे शेवटी ज्यावर येऊन ठरतील ते सत्य. मी तर ज्यांचा आजार, त्यांनाच तपासातून वगळलं होतं. शांतता हे साध्य आणि खोटं हे नुसतं साधन, असे कप्पेही मी केले होते. ड्यूई ते मानत नाही. साधन साध्यात उतरतंच. आमच्या घरात ते "कागद दाखव" होऊन उतरलं.

नव्याने वाचणाऱ्यांनी जेम्सपासून सुरुवात करू नये. पर्सचे १८७७-७८ चे दोन लेख आधी वाचा, भाषा रुक्ष असली तरी. आता माझे चार तारे.

परवाच्या तपासणीचं पाकीट मी न उघडता वडिलांच्या हातात दिलं. त्यांनी चष्मा लावला, दोनदा वाचलं, आणि एका आकड्यावर बोट ठेवून विचारलं, "हा जास्त आहे का रे?"