ओपन सोसायटी फाउंडेशन्स आणि नॅशनल एन्डाउमेंट फॉर डेमॉक्रसी

लोकशाहीसाठी जगभर अनुदान देणाऱ्या या दोन संस्थांमधला खरा फरक पैशाच्या उगमात आहे. अमेरिकी अब्जाधीश गुंतवणूकदार जॉर्ज सोरोस यांनी १९७९ मध्ये दक्षिण आफ्रिकेतील कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांच्या शिष्यवृत्तींपासून दानकार्य सुरू केले आणि २०१७ पर्यंत सुमारे १८ अब्ज डॉलर आपल्या ओपन सोसायटी फाउंडेशन्सकडे वळवले. त्यामुळे या फाउंडेशन्सना अनुदानासाठी कोणत्याही संसदेची मंजुरी लागत नाही, पण (हे क्वचितच बोलले जाते) मतदारांना उत्तरही द्यावे लागत नाही. १९८३ मध्ये स्थापन झालेली एन्डाउमेंट कागदोपत्री खासगी असली, तरी मुख्यतः अमेरिकी काँग्रेसच्या वार्षिक तरतुदीवर चालते. तिच्याकडे हिशेब मागता येतो, मात्र वॉशिंग्टनमधले वारे फिरले की निधी अडकतो. रशियाने २०१५ मध्ये दोघींनाही ‘अनिष्ट’ (म्हणजे देशात काम करण्यास बंदी असलेल्या) संस्था ठरवताना हा फरक मोजला नाही.