फोंड्यातलं सुट्या मालाचं दुकान: वर्षभराचा अनुभव

फोंड्याच्या बाजारात सुट्या मालाचं एक दुकान आहे. वर्षभर मी महिन्याचं सामान तिथूनच भरते. उकडे तांदूळ, कुळीथ, नाचणी, खोबरेल, भांड्यांचा साबण, सगळं आपापल्या डब्यात. काउंटरवरचा मुलगा आधी रिकामा डबा काट्यावर ठेवतो, वजन झाकणावर लिहितो, मगच माल घालतो. आमचे आजोबा तागडीत धडा करायचे, तेच हे.

सुरुवातीला दारात प्लास्टिक खाणाऱ्या गाईचा मोठा फोटो होता आणि खाली पाटी, ‘पिशवी आणल्यास दोन रुपये सूट’. लोक फोटो बघत हळहळायचे आणि आत येऊन पिशवी मागायचे. चवथीनंतर मालकांनी दोन्ही काढून टाकलं. आता कागदी पिशवीचे पाच रुपये पडतात, बिलात वेगळी ओळ येते. महिन्याभरात रांगेत डबेच डबे दिसायला लागले.

मी उच्च माध्यमिकला मानसशास्त्र शिकवते, म्हणून हे जवळून पाहिलं. तातियाना होमोनॉफ या अर्थतज्ज्ञ बाईंनी अमेरिकेत वॉशिंग्टनच्या परिसरात हेच मोजलं. त्यांचा अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झाला. पिशवीवर ५ सेंट कर बसला, तेव्हा शंभरातले चाळीसहून जास्त गिऱ्हाईक पिशवी घेईनासे झाले. स्वतःची पिशवी आणणाऱ्याला तेवढेच ५ सेंट बक्षीस दिले, तर जवळजवळ काहीच फरक नाही. खिशातून गेलेला पैसा बोचतो, सूट म्हणून मिळालेला लक्षातही राहत नाही.

मला सगळ्यात आवडतं ते दाराजवळचं फळकूट. घरच्या धुतलेल्या बरण्या लोक तिथे ठेवून जातात, डबा विसरलेल्याने त्यातली उचलायची. एकदा मी उचललेल्या बरणीवर कुणाच्या तरी अक्षरात ‘मिसकूट, मे’ लिहिलेलं होतं, म्हणजे कैरीच्या लोणच्याची बरणी. पुढच्या खेपेला मी आमच्या दोन ठेवून आले. शेजारपाजारचे करताहेत हे असं डोळ्यांना दिसलं की वेगळं सांगावं लागत नाही.

आता तक्रारी. जुलैत कुळथात पोरकिडे निघाले. लगेच बदलून दिले, पण पावसाळ्यात पिंपांची झाकणं घट्ट हवीत. खोबरेलाचा नळ ठिबकतो, खाली लादी निसरडी होते. आणि तांदूळ किलोमागे चार-पाच रुपये महाग आहे, हे मला खरंच खटकतं. हातावर पोट असलेल्याने डबा घेऊन यावं, तर दर बाजाराइतकाच पाहिजे. मालकांना दोनदा सांगितलंय.

रविवारी दुपारनंतर बंद. डबे पुसून, उन्हात वाळवून न्या. ओल्या डब्यात तांदूळ घालत नाहीत.