एफआयआर रद्द की डिस्चार्ज?

बायकोच्या छळाची तक्रार खोटी, तरी अटक झाली. जामिनावर सुटल्यावर नाशिककरापुढे दोन वाटा. मुंबई उच्च न्यायालयात बीएनएसएस (भारतीय नागरिक सुरक्षा संहिता) कलम ५२८ खाली एफआयआर रद्द करून घ्यायची, किंवा इथेच नाशिकच्या सीबीएस बसस्थानकाजवळच्या कोर्टात कलम २६२ खाली डिस्चार्ज (खटला चालण्याआधीच आरोपातून मुक्तता) मागायचा.

पहिली खर्चिक, शिवाय हायकोर्ट साक्षीपुरावे तोलत बसत नाही. पण परगावच्या नणंद-दिरांवर नुसते मोघम आरोप असतील तर माझ्या मते तीच धरावी. अटकेची कारणं न नोंदवताच उचललं असेल, तर सुप्रीम कोर्टाच्या अर्नेश कुमार निकालानुसार (२०१४) पोलिसांविरुद्ध अवमानाची दादही हायकोर्टातच.

डिस्चार्ज स्वस्त, अर्ज मात्र आरोपपत्राची कागदपत्रं मिळाल्यापासून ६० दिवसांत. फिर्यादीत तारखांसकट तपशील असेल, तर नवऱ्याला दोन्हीकडे अवघडच.